लंपी : विषाणू कळला, वाट कळली का?

४ ऑगस्ट २०२२ रोजी जळगाव जिल्ह्यातील चिनावल (ता. रावेर) येथे त्या वर्षीच्या लंपी चर्मरोगाची महाराष्ट्रातील पहिली नोंद झाली. त्या वेळी राजस्थानच्या पश्चिमेकडील जिल्ह्यांत जनावरे मरू लागून काही आठवडे लोटले होते. वर्षअखेरपर्यंत देशभरात दीड लाखांहून अधिक गोवंश दगावला आणि त्यांतील सर्वाधिक मृत्यू राजस्थानात झाले. मी नोकरीनिमित्त जयपूरच्या जगतपुरा भागात राहतो, त्यामुळे दोन्ही राज्यांतील पशुपालकांचे प्रश्न माझ्या कानी येत राहिले. लस कुठे मिळेल, औषध कोणते द्यावे, दूध प्यावे की ओतून द्यावे, हे प्रश्न दोन्हीकडे सारखेच होते. मात्र 'हा रोग माझ्या गोठ्यात नेमका कोणत्या वाटेने आला?' असे विचारणारा क्वचितच भेटला. आपल्या विस्तारकार्यातील उणीव मला तिथेच दिसते. रोगाचे कारण आपण सांगतो, उपचार सांगतो, पण त्याच्या प्रवासाविषयी एका वाक्यात 'कीटकांमुळे पसरतो' एवढे म्हणून पुढे जातो.

कारण ठाऊक असणे आणि वाट ठाऊक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८९४ मध्ये हाँगकाँग येथे येर्सिनने प्लेगचा जिवाणू शोधला. १८९६ मध्ये प्लेग मुंबईत आणि लगोलग पुण्यात आला, तेव्हा जिवाणूचे नाव विज्ञानाला माहीत होते. तरीही घरे धुणे, सामान जाळणे, माणसांना छावण्यांत हलविणे अशाच उपायांवर भर राहिला, कारण उंदरावरील पिसू ही या रोगाची वाट आहे हे कोणाला माहीत नव्हते. पॉल-लुई सिमोंद याने १८९८ मध्ये कराचीत पिसवांचा प्रयोग केला. त्यावर विश्वास बसण्यासाठी मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाचे प्रयोग व्हावे लागले, आणि तोवर आणखी कित्येक वर्षे गेली.

याच्या नेमके उलट उदाहरण आपल्या तुरीचे आहे. वांझ रोग सूक्ष्म कोळी पसरवितो हे १९६० च्या दशकात कळले. विषाणूची खात्रीशीर ओळख पटायला मात्र २००० साल उजाडावे लागले. त्या मधल्या काळात संशोधकांनी रोगट फांद्यांवरचे कोळी मुद्दाम पिकावर सोडून वाणांची कठोर परीक्षा घेतली. बदनापूरचा बीएसएमआर ७३६ हा वाण अशाच प्रयत्नांतून आला. विषाणूला नाव नव्हते, पण वाट माहीत होती, म्हणून काम पुढे सरकले.

आता लंपीकडे येऊ. हा रोग देवीच्या कुळातील विषाणूमुळे होतो आणि शेळ्या-मेंढ्यांच्या देवीचे विषाणू त्याचे जवळचे नातलग आहेत. म्हणूनच शेळ्यांच्या देवीची लस गाईंना देता आली. १९२९ मध्ये आजच्या झांबियात हा रोग प्रथम नोंदला गेला, तेव्हा विषारी वनस्पती खाल्ल्याने किंवा कीटकांच्या चाव्याची प्रतिक्रिया म्हणून गाठी येतात असे मानले गेले. तो संसर्गजन्य आहे हे १९४३ ते १९४५ च्या साथींत स्पष्ट झाले. कीटकशास्त्रज्ञ म्हणून मला या इतिहासाची गंमत वाटते. पहिल्या निरीक्षकांना कीटक दिसला होता, फक्त त्याची भूमिका त्यांनी चुकीची लावली. भारतात हा रोग २०१९ मध्ये ओडिशात आला आणि २०२० मध्ये गडचिरोलीत पोहोचला.

कीटक रोग वाहतो म्हणजे काय करतो, हे समजण्यासाठी २०१८ ची जयपूरची झिका साथ आठवावी. शास्त्रीनगर भागातून सुरू झालेल्या त्या साथीत राज्यात दीडशेहून अधिक रुग्ण आढळले. २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे महाराष्ट्रातील पहिला झिका रुग्ण सापडला. झिकाचा विषाणू एडिस डासाच्या पोटातून त्याच्या शरीरात शिरतो, तेथे वाढतो आणि साधारण आठवडा-दहा दिवसांनी लाळेत उतरतो. तेथून पुढे तो डास मरेपर्यंत रोगवाहक राहतो. याला जैविक प्रसार म्हणतात. लंपीचा विषाणू कीटकाच्या शरीरात असा वाढतो, याचा भक्कम पुरावा नाही. माशीच्या सोंडेला रोगट गाठीतला अंश लागतो आणि पुढच्या चाव्यात तो निरोगी जनावराच्या कातडीत टोचला जातो. माशी येथे अस्वच्छ सुईचे काम करते, आणि हाच यांत्रिक प्रसार.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. शेतकरी तो पिकांत रोज अनुभवतो. मिरचीचा चुरडा-मुरडा पसरविणारी पांढरी माशी विषाणू शरीरात घेऊन दीर्घकाळ फिरते, म्हणून तिची संख्या रोखली तर काही उपयोग होतो. पपईवरील रिंगस्पॉटचा विषाणू मात्र मावा काही मिनिटांच्या चाचपणीत एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत त्याचे काम झालेले असते. त्यामुळे पपईत फवारण्यांवर भर देणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरी निराशा येते आणि रोगट झाड वेळीच उपटणारा थोडा तरी तग धरतो. लंपीची जात पपईच्या जवळची आहे. कीटक कमी करणे आवश्यक आहेच, पण त्याहून आधी त्याची सोंड ज्यात बुडते ते भांडे, म्हणजे गाठी आलेले जनावर, बाजूला काढले पाहिजे. कातडीतील गाठींत विषाणूचे प्रमाण रक्तापेक्षा कितीतरी अधिक असते. वाळलेल्या खपल्यांत तो महिनाभराहून अधिक काळ टिकतो.

वाहक कोणते, यावर अजून वाद आहे. एडिस इजिप्ती डासांनी गाठींवर रक्त शोषल्यानंतर दोन ते सहा दिवसांनीही रोग पोहोचविल्याचे २००१ मध्ये दिसले. काही जातींच्या गोचिडांची भूमिका आफ्रिकेत तपासली गेली. स्टोमोक्सिस माशीच्या बाबतीत सुरुवातीचे प्रयोग फसले, कारण पहिल्या आणि दुसऱ्या चाव्यात बराच वेळ जाऊ दिला होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेल्जियममधील प्रयोगांत अर्धपोटी माश्या लगेच निरोगी जनावरांवर सोडल्या आणि रोग लागला. माझे मत असे, की आपल्या गोठ्यांच्या रचनेत या माशीकडे सर्वाधिक लक्ष द्यायला हवे. साध्या घरमाशीसारखीच ती दिसते, पण डोक्यापुढे सुईसारखी ताठ सोंड असते. नर आणि मादी दोघेही रक्त पितात. ती बहुधा पायांवर बसते. चावा इतका झोंबतो की जनावर पाय आपटते, शेपूट मारते, माशी उडते आणि उरलेले पोट शेजारच्या दावणीवरील जनावरावर भरते. यांत्रिक प्रसारासाठी याहून सोयीची सवय कोणती असणार?

ही माशी वाढते कुठे? जगतपुऱ्यात रस्त्याच्या कडेला चारा विकणारे बसतात आणि पुण्यकर्म म्हणून लोक तिथेच गाईंना हिरवा चारा घालतात. उरलेला चारा तुडविला जातो, त्यात शेण आणि मूत्र मिसळते, वरचा थर वाळतो आणि आतला ओलसर, उबदार राहतो. असा ढीग काठीने वीतभर उकरला की अळ्या वळवळताना दिसतात. स्टोमोक्सिसला निव्वळ ताज्या शेणापेक्षा असा कुजका, मूत्राने भिजलेला चाराच अधिक मानवतो. महाराष्ट्रात दृश्य थोडे वेगळे असते. गव्हाणीखाली साचलेला कडब्याचा चुरा, मुरघासाच्या खड्ड्याकाठची नासाडी, गोठ्याला लागून असलेला उकिरडा, या सर्व जागा तिच्याच आहेत. उष्ण हवेत अंड्यापासून माशी व्हायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे आठवड्यातून एकदा हे साचलेले खरडून उन्हात पातळ पसरले किंवा खतखड्ड्यात नीट झाकले, तर पिढी पूर्ण होत नाही. यासाठी खर्च नाही, श्रम आहेत. २०२२ मध्ये गावोगावी संध्याकाळी धुरळणी झाली, छायाचित्रे निघाली. पण ही माशी दिवसा चावते आणि तिच्या अळ्या ढिगाच्या आत सुरक्षित असतात. धुरळणीने समाधान मिळते, माशी फारशी कमी होत नाही. जनावरावर वा भिंतींवर कीटकनाशक वापरायचेच असेल, तर पशुवैद्यकाने सांगितलेले आणि जनावरांसाठी मंजूर असलेलेच वापरावे. कपाशीचे औषध गाईच्या अंगावर मारण्याचे प्रकार मी ऐकले आहेत, ते जीवघेणे आहेत.

माशीला दोष देताना दोन वाटांचा विसर पडू नये, कारण त्या माणसाने उघडलेल्या आहेत. पहिली म्हणजे वाहतूक. युरोपातील साथींच्या अभ्यासात बहुतांश नवे उद्रेक जुन्या उद्रेकापासून काही किलोमीटरांच्या आतच आढळले. एवढे अंतर कीटकांच्या आवाक्यातले आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यातील उडी मात्र ट्रकमधून होते. म्हणून २०२२ मध्ये महाराष्ट्रातील गुरांचे बाजार बंद ठेवणे आणि पुष्करचा पशुमेळा रद्द करणे हे निर्णय योग्यच होते, व्यापाऱ्यांना आणि गरजू शेतकऱ्यांना ते कितीही जाचले तरी. दुसरी वाट अधिक बोचरी आहे. गावात एकच सुई घेऊन दहा गोठ्यांत इंजेक्शने देत फिरणारा माणूस स्टोमोक्सिसपेक्षा वेगळे काय करतो? तोही सोंड न पुसता पुढच्या जनावराकडे जातो. प्रत्येक जनावराला स्वतंत्र सुई हा आग्रह लसीकरणाच्या मोहिमेपुरता नसावा. उपचारासाठी येणाऱ्या प्रत्येकाकडे पशुपालकाने तो धरावा, त्यात संकोच कसला?

निदानाचा भागही याच विचाराशी जोडलेला आहे. अंगावर गाठ दिसली की लंपी, असे समीकरण २०२२ नंतर रूढ झाले. साथ ऐन भरात असताना लक्षणांवरून निदान करणे व्यवहार्य असते आणि त्यात गैर काही नाही. पण गावातील पहिले जनावर किंवा लस दिलेल्या कळपातील गाठी यांच्या बाबतीत प्रयोगशाळेशिवाय निष्कर्ष काढू नये. लंपीची गाठ घट्ट, गोलसर, साधारण दोन ते पाच सेंटीमीटरची असते आणि कातडीच्या पूर्ण जाडीत रुतलेली असते. सोबत ताप आणि सुजलेल्या लसिकाग्रंथी असतात. नागिणीच्या गटातील एका विषाणूमुळे होणारा 'खोटा लंपी' वरवरचा असतो आणि लवकर बरा होतो. पित्ताच्या गांधी काही तासांत उठतात आणि विरतात. कीटकदंश, गजकर्ण आणि कातडीतील सूक्ष्म कोळी यांनीही फसगत होते. जिवंत लंपी-विषाणूवर आधारित लस दिल्यावर काही जनावरांना लहान गाठी येऊ शकतात. त्या लसीच्या की रोगाच्या, हे डोळ्यांनी ठरत नाही. हिसार आणि इज्जतनगर येथील संस्थांनी विकसित केलेली 'लंपी-प्रोव्हॅक' ही लस ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झाली. अशा लसींचा वापर वाढेल तसा हा प्रश्न अधिक वेळा उभा राहील.

पीसीआर चाचणीच्या अहवालाबद्दलही थोडी सावधगिरी हवी. ही चाचणी विषाणूच्या जनुकीय द्रव्याची खूण शोधते, विषाणू जिवंत आहे का हे सांगत नाही. दक्षिण आफ्रिकेतील एका अभ्यासात संसर्ग झालेल्या वळूच्या वीर्यात जिवंत विषाणू ४२ दिवसांपर्यंत मिळाला, त्याची जनुकीय खूण मात्र १५९ दिवसांपर्यंत. कीटकांनाही हेच लागू आहे. गोचिडात किंवा माशीत विषाणूची खूण सापडली, एवढ्यावरून ती वाहक ठरत नाही. तिने रोगट रक्त प्यालेले आहे, एवढेच त्यातून कळते. रोगट जनावरावरून घेऊन निरोगी जनावराला तो देताना ती दिसली पाहिजे. बातम्यांत 'अमुक कीटकात विषाणू आढळला' असे वाचून त्या कीटकाविरुद्ध मोहीम काढण्यापूर्वी विस्तार अधिकाऱ्यांनी हा प्रश्न जरूर विचारावा.

प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्यानुसार अनुसूचित रोगाचा संशय आला की पशुपालकाने ग्रामपंचायतीला किंवा गावातील संबंधित अधिकाऱ्याला कळविणे बंधनकारक आहे. ही माहिती पुढे पशुवैद्यकाकडे जाते. माझी सूचना अशी, की या माहितीसोबत चार गोष्टी लिहून घेण्याची सवय लावावी. गेल्या २८ दिवसांत गोठ्यात कोणते जनावर बाहेरून आले किंवा बाहेर गेले; कोणी, कधी आणि कोणती इंजेक्शने दिली; गोठ्यापासून शंभर पावलांत कुजका चारा किंवा उकिरडा आहे का; आणि सकाळच्या उन्हात जनावरांच्या पुढच्या पायांवर सरासरी किती माश्या मोजल्या. अमेरिकेत एका पायावर सरासरी पाच माश्या ही उपाय सुरू करण्याची मर्यादा मानतात. पण ती वजन आणि दूध घटण्याच्या हिशेबाने ठरविलेली आहे. रोगप्रसाराला किती माश्या पुरतात, हा आकडा आपल्या हवामानात आपल्यालाच काढावा लागेल आणि त्यासाठी गावागावांतून आलेल्या या नोंदी लागतील. मोजणीला पाच-सात मिनिटे पुरतात. नमुना घेताना खपली आणि गाठीचा अंश वाहक द्रवात, रक्त ईडीटीएच्या नळीत, दोन्ही बर्फावर ठेवून त्याच दिवशी रवाना करावे. नळीवर जनावराचा बिल्ला क्रमांक आणि ताप आल्याची तारीख लिहावी. तारीख नसेल तर नकारात्मक अहवालाचा अर्थ लावता येत नाही, कारण रक्तातील विषाणू काही दिवस सापडतो आणि काही दिवस सापडत नाही.