ढोलकीवाल्याची मजुरी

२०२५ च्या सप्टेंबर महिन्यात सीना नदीला आलेल्या पुराने सोलापूर जिल्ह्यात जो हाहाकार उडाला, तो आपण सर्वांनी पाहिला आहे. उभी पिके गेली, जमिनी खरवडल्या गेल्या, अनेकांना राहती घरे सोडावी लागली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझे दोन माजी विद्यार्थी घरी आले. पाच तरुणांचा त्यांचा एक वाद्यवृंद आहे. लग्नसमारंभात आणि गणेशोत्सवात ते गातात-वाजवतात. पूरग्रस्तांच्या मदतीसाठी एका मंडळाने त्यांना विनामूल्य कार्यक्रम करण्याची विनंती केली होती. चौघे तयार होते. तालवाद्ये वाजवणारा पाचवा मात्र तयार नव्हता. "सर, त्याला कसे समजवायचे ते तुम्ही सांगा," असे त्यांचे म्हणणे होते.

या प्रश्नातच त्याचे उत्तर गृहीत धरलेले होते. कार्य चांगले आहे, चौघांना ते पटले आहे, म्हणजे उणीव पाचव्याच्या ठिकाणी असली पाहिजे, असा तो हिशेब. हा हिशेब मला अपरिचित नाही. बत्तीस वर्षांपूर्वी मी स्वतः तो मांडला होता, आणि तो चुकीचा होता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले होते. लातूर-उस्मानाबाद भागातील सुमारे दहा हजार माणसे त्या मातीच्या आणि दगडांच्या घरांखाली गाडली गेली. सोलापूर जवळ असल्याने जखमींचा ओघ आमच्या शहराकडे लागला. त्या काळी आमचे एक लहानसे कलापथक होते. दोन प्राध्यापक, एक शाळाशिक्षक, एक बँकेतील कर्मचारी, एक विमा कचेरीतील लिपिक, आणि ढोलकीवर पूर्वभागातील एक यंत्रमाग कामगार. घरी तेलुगू बोलणारा हा माणूस मराठी लावणीचा ठेका असा धरी, की ऐकणाऱ्याने मान डोलवलीच पाहिजे. भूकंपग्रस्तांच्या निधीसाठी आठवड्यात चार ठिकाणी कार्यक्रम करण्याचे निमंत्रण आले. मी सर्वांच्या वतीने तत्काळ होकार दिला. ढोलकीवाल्याला हे दुसऱ्या दिवशी कळले, आणि तो म्हणाला, "मला जमणार नाही."

आम्ही त्याला समजावले. नंतर रागावलो. आमच्यापैकी एकाने तर "माणसे मेली आहेत आणि तू मजुरी मोजतोस?" असेही ऐकवले. तेव्हा तो शांतपणे जे बोलला ते मी आजवर विसरलेलो नाही. "सर, तुमची रजा मांडली जाते. माझा माग दुसऱ्याला जातो."

वास्तविक अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हे वाक्य दुसऱ्याने ऐकवावे लागू नये. एखाद्या गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी आपण जे सोडून देतो ते, हा संधी-खर्चाचा सिद्धांत मी दरवर्षी पहिल्या सत्रात फळ्यावर लिहीत असे. चार कार्यक्रमांसाठी मी जे सोडणार होतो ते म्हणजे चार संध्याकाळचे वाचन. शिक्षकमित्र सोडणार होता ती चार किरकोळ रजा. ढोलकीवाल्याची मजुरी कापडाच्या मापावर ठरत होती. माग चालला तर पैसे, बंद राहिला तर नाही. त्यातही पाळी चुकली की मालक बदली माणूस उभा करी, आणि बदली माणूस पुष्कळदा कायमचा होई. आम्ही सहाजण एकाच व्यासपीठावर बसून एकच गीत गाणार होतो. परंतु त्या गीताची किंमत सहाजणांना सारखी पडणार नव्हती. सगळ्यांनी 'सारखा' त्याग करावा, ही मागणी वरवर समतेची वाटते. प्रत्यक्षात ती सर्वांत दुर्बळ खांद्यावर सर्वांत जड ओझे ठेवते. आयकर उत्पन्नाच्या प्रमाणात वाढता असावा, असा आग्रह आपण समाजवादी धरतो. मग त्यागाच्या बाबतीत मात्र आपण सर्वांना एकच दर कसा लावतो?

दुसरी बाब हिशेबाच्या वहीची. त्या कार्यक्रमांचा खर्च पुढे माझ्या पाहण्यात आला. मंडपवाल्याला पैसे दिले होते, ध्वनिक्षेपकवाल्याला दिले होते, छापखान्याला आणि चहावाल्यालाही दिले होते. ते योग्यच होते. त्यांची पोटे होती. मग पोट नव्हते ते फक्त वाजवणाऱ्याला काय? मंडपाचा बांबू ही वस्तू आणि ढोलकीवरची बोटे ही 'सेवा', म्हणून बांबूला भाडे आणि बोटांना पुण्य, असा हा विभाग कोणी ठरवला?

तो आपल्या गावगाड्याने ठरवला, असे माझे मत आहे. हलगी, सनई, डफ वाजवणारे हात महाराष्ट्रात बहुतांशी कोणत्या जातींचे होते, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. गावच्या जत्रेत आणि पाटलाच्या घरच्या लग्नात वाजवणे हे त्यांचे 'काम' मानले जाई, परंतु त्याची मजुरी मागणे हा उद्धटपणा ठरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध जो दीर्घ लढा दिला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता: नाममात्र मोबदल्यावर पिढ्यान्‌पिढ्या माणसाला राबवून घेणारी व्यवस्था वतनाच्या नावाने प्रतिष्ठित कशी राहते? ही कनिष्ठ गावकी वतने नष्ट करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला. राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला मनाई केली. १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात निर्णय देताना सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले. भुकेतून आणि गरिबीतून येणारी निकड हीसुद्धा एक प्रकारची सक्तीच आहे, असे त्या निकालाने मानले.

मदतीचा कार्यक्रम म्हणजे वेठबिगार, असे मला म्हणायचे नाही. तसे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु चारचौघांत "चांगल्या कामाला नाही म्हणतोस?" असे विचारून जो होकार मिळवला जातो, तो कितपत स्वेच्छेचा असतो याचा विचार व्हायला हवा. लोकलज्जेची सक्ती हीसुद्धा सक्तीच असते. ज्याच्या आज्याने पाटलाच्या दारात फुकट वाजवले, त्याच्या नातवाला 'फुकट' हा शब्द तुमच्या-माझ्यापेक्षा निराळा ऐकू येतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मग आपल्या चळवळीतील शाहिरांचे काय? याच जिल्ह्यातील बार्शीत १९१६ साली जन्मलेले अमर शेख हे स्वतः गिरणी कामगार होते. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक घेऊन ते महाराष्ट्रभर हिंडले ते काही बिदागीच्या आशेने नव्हे. निळू फुले तरुणपणी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत. ८० रुपयांच्या पगारातून १० रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत आणि वर कलापथकातही काम करीत. ८० तून १० म्हणजे आठवा हिस्सा. आपल्यापैकी किती पगारदारांनी हे प्रमाण गाठले आहे? गरिबाला त्याग परवडत नाही असे मी म्हणू लागलो, तर तो या माणसांचा अपमान होईल.

परंतु या उदाहरणांतील एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. ते १० रुपये निळूभाऊंनी स्वतः ठरवून दिले होते. दुसऱ्या कोणी परस्पर कापून घेतले नव्हते. दान देणाऱ्याने ठरवले तर ते दान. दुसऱ्याने ठरवले तर तो कर. आणि कर बसवण्याचा अधिकार कलापथकाच्या प्रमुखाला कोणी दिलेला नाही.

याहून बोलके उदाहरण 'सामाजिक कृतज्ञता निधी'चे आहे. १९८० च्या दशकात हा निधी उभारण्यासाठी डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, तनुजा यांच्यासारख्या नामवंत कलावंतांनी एकत्र येऊन आचार्य अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले. निधीचा हेतू काय होता? पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावे, हा. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ज्यांना विनामोबदला काम करणे परवडत होते त्यांनी ते केले, ते ज्यांना परवडत नव्हते त्यांना मोबदला मिळावा म्हणून. ध्येयवादावर पोट भरत नाही, ही गोष्ट त्या थोर नटांनी मान्य केली होती. आपण मात्र त्याच ध्येयवादाचे नाव घेऊन ढोलकीवाल्याला उपाशी ठेवू पाहतो.

बाहेरच्या जगातील एक दाखलाही येथे उपयोगी पडेल. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी संगीताचा कार्यक्रम केला. हॅरिसनने 'बीटल्स' या आपल्या फुटलेल्या वाद्यवृंदातील जुन्या साथीदारांनाही निमंत्रण दिले होते. त्यांपैकी रिंगो स्टार आला. पॉल मॅकार्टनीने नकार दिला, कारण त्यांच्यातील व्यावहारिक भांडणे मिटली नव्हती. हॅरिसनने कार्यक्रम थांबवला नाही. जे आले त्यांच्यासह तो पार पाडला. दुसरा धडा याहून कडू आहे. कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रिकेतून आणि चित्रपटातून मिळालेला पैसा अमेरिकेच्या करखात्याच्या कचाट्यात वर्षानुवर्षे अडकून पडला, कारण धर्मादाय सवलतीची कागदपत्रे आधी पुरी केलेली नव्हती. तेव्हा "पैसा नक्की कुठे जाणार?" असे विचारणारा साथीदार हा खोडसाळ समजू नये, पुष्कळदा तोच एकटा जागा असतो.

एवढ्या विवेचनानंतर माझ्या विद्यार्थ्यांना मी काय सांगितले, ते थोडक्यात लिहितो. कलापथके, भजनी मंडळे, बँड पथके चालवणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनाही ते उपयोगी पडावे.

पहिले म्हणजे, होकार देण्यापूर्वी विचारा, आणि प्रत्येकाला वेगळे विचारा. चौघांसमोर पाचव्याला विचारणे म्हणजे त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे होय. दुसरे, नकाराचे कारण समजून घ्या. मजुरी बुडते हे कारण असेल तर त्यावर उपदेशाचा उपयोग नाही, पैशाचाच उपयोग आहे: पगारदार साथीदारांनी वर्गणी काढून त्याचा दिवस भरून द्यावा, किंवा आयोजकांनी तो खर्चात धरावा. मंडपाइतकाच तोही खर्च आहे. आयोजकांवर विश्वास नसेल तर हिशेब जाहीर करण्याची अट घालावी. थकवा असेल तर तारीख बदलावी. आणि ते कार्यच पटत नसेल, तर तो त्याचा अधिकार आहे. तिसरे, बहुमताची मर्यादा ओळखा. कोणते गीत घ्यायचे हे बहुमताने ठरवता येते. एखाद्याचे श्रम बहुमताने दान करता येत नाहीत. तो आला नाही तर दुसरा वाजवणारा पाहावा, आणि पुढच्या बिदागीच्या कार्यक्रमाला त्याची जागा त्यालाच द्यावी. चौथे, वर्षारंभीच एकत्र बसून वर्षातून किती कार्यक्रम विनामूल्य करायचे हे ठरवून टाकावे. म्हणजे प्रत्येक निमंत्रणाच्या वेळी सद्‌सद्‌विवेकाची परीक्षा घ्यावी लागणार नाही.

यातील एकही गोष्ट १९९३ साली मी केली नाही. दुसरा ढोलकीवाला आणून आम्ही चारही कार्यक्रम केले, निधी पाठवला, सत्कारही घेतले. आमचा जुना साथीदार पुन्हा आला नाही, आणि त्याला बोलावण्याचे धैर्य मला झाले नाही. पुढे दोन वर्षांत पथकच मोडले. कामगारांची गाणी गाणाऱ्या त्या पथकात प्रत्यक्ष कामगार एकच होता, आणि त्यालाच आम्ही बाहेर काढले.

आपल्या शिबिरांना, मेळाव्यांना, मोर्चांना शाहीर लागतो. कार्यक्रमपत्रिकेवर त्याचे नाव सर्वांत शेवटी आणि खर्चाच्या यादीत बहुधा नसतेच. किमान वेतनाची मागणी करणाऱ्या सभेत हलगी वाजवणाऱ्याला किमान वेतन मिळाले की नाही, हे पाहण्याची जबाबदारी इतर कोणाची नाही, ती आपलीच आहे. पुढच्या सभेचे अंदाजपत्रक करताना ध्वनिक्षेपकाच्या भाड्याखालची ओळ वाजवणाऱ्यांच्या मजुरीची असू द्या. त्यातून एखाद्याने ती रक्कम निधीच्या पेटीत टाकली, तर ते खरे दान होईल, कारण ते त्याच्या हाताने पडलेले असेल.