घोडबंदर रस्ता : वाहने मोजायची की माणसे?

घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला घर किती दूर आहे असे विचारले, तर तो किलोमीटर सांगत नाही, मिनिटे सांगतो. आणि तीही 'कोंडी नसेल तर' या अटीवर. माजिवड्यापासून गायमुखापर्यंतच्या या पट्ट्यात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक नवे शहर उभे राहिले. आधी इमारती आल्या, मग नळाच्या पाण्यासाठी धावाधाव झाली, मग रस्ता रुंद झाला आणि बसचा विचार सर्वांत शेवटी झाला. हा क्रम उलटा असता, तर आजचे अर्धे दुखणे उद्भवलेच नसते.

या रस्त्याची भौगोलिक अडचण समजून घेतली पाहिजे. एका हाताला येऊरचे डोंगर आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या हाताला उल्हास नदीची खाडी. मधल्या चिंचोळ्या पट्टीतून दोन भिन्न प्रवाह एकाच वेळी वाहतात. न्हावाशेवा बंदरातून गुजरातकडे निघालेले कंटेनर याच मार्गाने अहमदाबाद महामार्ग गाठतात आणि शाळा, कचेरी, रुग्णालय गाठणारे रहिवासीही येथूनच जातात. गायमुखच्या घाटात एखादा ट्रक बंद पडला की त्याचा हिशेब कापूरबावडीपर्यंत चुकता करावा लागतो. अवजड वाहनांवर वेळेचे बंधन घालणे हा तात्पुरता उतारा झाला. मालाचा ओघ रुळांवर नेणे हे खरे औषध. न्हावाशेवा ते दादरी हा समर्पित मालवाहतूक रेल्वेमार्ग त्यासाठीच आखला गेला.

आजवरचे उपाय मात्र बहुतेक काँक्रीटचे होते. कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ येथे उड्डाणपूल झाले. प्रत्येक पुलाने एका चौकातली गर्दी पुढच्या चौकात नेऊन ठेवली. आता ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे काम हाती घेण्यात आले आहे. जुलै २०२४ मध्ये भूमिपूजन झालेल्या या ११.८ किलोमीटरच्या मार्गातील सुमारे १०.२५ किलोमीटर राष्ट्रीय उद्यानाखालून जाणार आहेत. बोरिवलीला जाण्यासाठी घोडबंदरचा वळसा घेणाऱ्यांची त्यामुळे सोय होईल, यात शंका नाही. परंतु एवढा खर्च करून त्या बोगद्यातून केवळ मोटारीच धावणार असतील आणि ठाणे-बोरिवली अशी दर काही मिनिटांनी सुटणारी बस नसेल, तर ती सोय मोटार बाळगणाऱ्यापुरतीच राहील.

वडाळा ते कासारवडवली ही मेट्रो ४ आणि तिचा गायमुखपर्यंतचा ४-अ हा वाढीव भाग, ही या परिसराची सर्वांत मोठी आशा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये गायमुख ते विजय गार्डन या टप्प्यावर चाचणीची गाडी धावली, तेव्हा वर्षानुवर्षे पत्र्याच्या कुंपणांतून वाट काढणाऱ्या ठाणेकरांना आनंद झाला तो उगाच नव्हे. मात्र मेट्रो खांबावरून धावते आणि माणूस जमिनीवरून चालतो. गृहसंकुलाच्या फाटकापासून स्थानकाच्या जिन्यापर्यंतचे एक-दीड किलोमीटर तो कसा पार करणार? पदपथ सलग नाही, रिक्षा मिळेलच असे नाही आणि ठाणे परिवहन सेवेची बस कधी येईल हे सांगणारा कोणी नाही. मग तो मनुष्य मोटार काढतो आणि मेट्रोच्या सावलीतून थेट मुलुंडपर्यंत जातो.

येथेच सेवा रस्त्यांचा प्रश्न कळीचा ठरतो. घोडबंदरचे सेवा रस्ते मुख्य रस्त्यात विलीन करण्याचे काम एमएमआरडीएने हाती घेतले. मार्गिका वाढल्या की कोंडी फुटेल, हे त्यामागचे गणित. वरवर ते पटण्यासारखे आहे. पण मोजमाप कशाचे करायचे, हा मूळ मुद्दा त्यात सुटतो. साडेतीन मीटर रुंदीच्या एका मार्गिकेतून संमिश्र वाहनांनी तासाला सुमारे २,००० माणसे जातात, बसने ९,००० आणि सायकलींनी १४,०००, हे आकडे नगर-वाहतुकीच्या अभ्यासात सर्वमान्य आहेत. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचे सूत्रही हेच होते : रस्त्याची जागा वाहनांना नव्हे, माणसांना वाटून द्या. धोरण कागदावर राहिले. सेवा रस्ता हीच शाळकरी मुलाची, वृद्धाची आणि भाजी घेऊन परतणाऱ्या गृहिणीची जागा होती. ती मोटारींना देऊन टाकल्यावर मेट्रोपर्यंत चालत या, असे सांगणे ही थट्टा होईल.

विलीनीकरणातून मिळणाऱ्या रुंदीतील एक मार्गिका केवळ बससाठी राखावी आणि पदपथ आधी बांधून मग डांबर ओतावे, ही मागणी अवास्तव नाही. पुण्याने २००६ मध्ये बसची वेगळी मार्गिका करून पाहिली. ती अर्धवट राहिली, हे खरे. पण त्याचे कारण कल्पनेपेक्षा तिच्या आधेमुरे बांधकामात आणि शिस्तीच्या अभावात अधिक शोधावे लागेल.

खाडीचा विसर तर सर्वांनाच पडला आहे. ज्या गावाच्या नावातच बंदर आहे आणि ज्याचा किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला, तेथे जलमार्ग ही नवलाई वाटावी! उल्हास नदी आणि वसईची खाडी २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरली. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो सेवा सुरू झाली आणि महामार्गाचा मोठा वळसा वाचला. कोलशेत, काल्हेर, डोंबिवली जोडण्याचा विचार तितक्याच निकडीने व्हायला हवा. खारफुटीला धक्का न लावता, हे ओघाने आलेच.

सरकारकडे बोट दाखवताना आपल्या वाहनतळाकडेही पाहावे लागेल. एका घरात दोन मोटारी ही प्रतिष्ठेची खूण मानणाऱ्या वर्गातच आपल्यापैकी अनेक जण मोडतात. सोसायटीच्या वार्षिक सभेत वाहनतळाच्या जागेवरून तास-तास वाद होतो; जवळच्या मेट्रो स्थानकापर्यंत फेरी बस हवी, असा ठराव किती सोसायट्यांनी महापालिकेकडे पाठवला? शेजारच्या पाच-सहा संकुलांनी एकत्र येऊन मार्ग आणि वेळा लिहून दिल्या, तर परिवहन समितीला उत्तर द्यावेच लागेल. मेट्रोचे वेळापत्रक जाहीर होईल त्याच दिवशी प्रत्येक स्थानकाखाली कोणती बस कोठे उभी राहणार, याचाही तक्ता महापालिकेने प्रसिद्ध करावा.