भूक लागली? मग बोला ना बाप्पा!

रोटरी यूथ एक्स्चेंजमधून आपला नागपुरी पोट्टा शाळेचं एक वर्ष जर्मन कुटुंबात काढायला जातो, तेव्हा खरी परीक्षा व्याकरणाची नसते; जेवणाच्या टेबलावरची असते. तिथे अनेक घरांत रात्री ‘आबेंडब्रोट’, म्हणजे ब्रेड, चीज, काकडी. सगळं गार! होस्ट आई विचारते, ‘आणखी हवं?’ हा लाजून म्हणतो, ‘नाइन, डांके.’ आपल्याकडे यानंतर ‘घे रे, एकच पोळी’ सुरू होतं. तिथे टेबल आवरलं जातं! हा उद्धटपणा नाही हं. त्यांचा तुमच्या ‘नको’वर विश्वास असतो, बस्स. उपाशी झोपलेला पोट्टा आठवडाभरात स्पष्ट बोलायला शिकतो. आणि आपण? ऑफिसात ‘चालेल सर’ म्हणतो अन् टपरीवर कुढत बसतो.