रेक्याविक व्हाया गेवराई

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात ऑफिसमध्ये कुणाचंच लक्ष कामात नसतं. आमच्या फ्लोअरवर तर रांगोळी कॉम्पिटिशन, एथ्निक डे आणि सुट्टीचे मेल, एवढंच चालू होतं. अशा वेळी बॉसने माझ्या गळ्यात एक प्रेझेंटेशन मारलं. सीएसआरचं. विषय : किशोरवयीन मुलांचं स्वास्थ्य आणि त्यासाठी जगातली शहरं एकत्र येऊन काय करतात. ‘तू गावाकडची आहेस ना, तुला जमेल,’ असं वर लॉजिक! गावाकडची असण्याचा आणि महापौरांच्या परिषदांचा काय संबंध, हे विचारायचं राहूनच गेलं.

तर मंडळी, मी वाचायला बसले. आधी वाटलं, भगिनी-शहरांचा प्रकार असेल. म्हणजे मुंबईचं योकोहामाशी १९६५ पासून नातं आहे, स्टुटगार्टशी १९६८ पासून. आपल्या पुण्याचं सॅन होजेशी १९९२ पासून. करार, हारतुरे, ग्रुप फोटो. पण मग आइसलंडची राजधानी रेक्याविक सापडली आणि मी कॉफी विसरले.

१९९८ मध्ये आइसलंडमधल्या १५-१६ वर्षांच्या मुलांना विचारलं गेलं, गेल्या महिन्यात दारूने झिंगला होतात का? ४२ टक्के पोरं ‘हो’ म्हणाली. २०१६ मध्ये हाच आकडा ५ टक्के होता. रोज सिगरेट ओढणारे २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. मधल्या काळात केलं काय, तर दर वर्षी शाळेतल्या मुलांनाच प्रश्न विचारले आणि उत्तरं धूळ खात न ठेवता काही आठवड्यांत त्याच शाळेला, त्याच वस्तीला परत दिली. १३ ते १६ वयाच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहाच्या आत घरी, असा कायदा. खेळ, संगीत, नाच यांच्या क्लासच्या फीसाठी पालिकेकडून दर मुलामागे वर्षाला ठरावीक रक्कम. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट : शुक्रवारी रात्री आईबाप गटाने आपल्याच गल्लीत फेऱ्या मारतात. पोलीस नाहीत, आईबाप!

२००६ च्या सुमाराला रेक्याविकने ही पद्धत युरोपातल्या इतर शहरांना द्यायला सुरुवात केली. पुढे ती चिलीतल्या नगरपालिकांपर्यंत गेली. प्रत्येक शहर आपल्या पोरांना तेच प्रश्न विचारतं आणि आकडे शेजारी शेजारी ठेवतं.

आपल्याकडे असं काही आहे का? आहे, फक्त त्यात महापौरांचे फोटो नाहीत. ब्राझीलच्या रिओमधल्या प्रोमुंदो या संस्थेने काही संस्थांबरोबर ‘प्रोग्राम एच’ नावाचा उपक्रम उभा केला. तरुण मुलांशी बोलायचं, मर्द असणं म्हणजे नेमकं काय यावर. तो मुंबईत आला, चेंबूरच्या ‘कोरो’ने वस्त्यांमधल्या पोरांबरोबर तो मराठी-हिंदीत उतरवला आणि त्याचं नाव झालं ‘यारी-दोस्ती’. त्याच अनुभवातून २००८ मध्ये मुंबई महापालिकेच्या ४५ शाळांत ‘जेम्स’ हा कार्यक्रम निघाला, सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी. मुलगी घरी काय करते, मुलगा काय करत नाही, मारणं म्हणजे प्रेम का, असले प्रश्न वर्गात! हाच कार्यक्रम पुढे व्हिएतनामच्या दा नांग शहरातल्या शाळांत गेला. रिओतून चेंबूर, चेंबूरहून दा नांग. मी स्लाइडवर बाण काढले. छान दिसत होते.

हे बाण घेऊनच मी गावी निघाले. नगर, शेवगाव करत एसटी उमापूरला पोचेपर्यंत संध्याकाळ होते. तालुका गेवराई, जिल्हा बीड. दिवाळी झाली की आमच्याकडे गाव अर्धं रिकामं होतं, ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या निघतात. काका-काकींनी मुकादमाकडून उचल घेतली होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल कोयत्यावर मिळते. आता हे गणित नीट बघा. पोरगी एकटी गावात ठेवायची भीती, आणि लग्न झालं तर तीच नवा कोयता.

काकांची धाकटी यंदा दहावीला आहे. पंधरा वर्षांची. घरात पाऊल टाकलं आणि कळलं, स्थळ आलंय.

मी काकीला स्वयंपाकघरात गाठलं. ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. ‘तू पुण्यात राहतीस, तुला बोलायला काय जातंय? आम्ही सहा महिने तिकडं. पोरीला कुणाच्या भरवशावर ठिवू, सांग की.’

खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्लाइड होत्या. बीडमध्ये २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आहे. राज्याचा आकडा २२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आम्ही जवळपास दुप्पट. पण काकीला टक्के नको होते, एक भरवशाचं माणूस हवं होतं.

आणि सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, पण ती सहा ते चौदा वयाची. म्हणजे स्थळं यायला लागतात, नेमकं त्याच वर्षी पोरगी यादीतून बाहेर! २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर झाली : ४१ तालुके, ८२ वसतिगृहं, प्रत्येकी शंभर मुलं. गुणाकार तुम्हीच करा, आणि टोळ्यांत लाखो माणसं जातात हे लक्षात ठेवा. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही आहे, ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेने मुलाला बसवून घ्यायचं. वाचताना मला तर हे रेक्याविकचंच मॉडेल वाटलं. दोन गावांनी एका पोराची जबाबदारी वाटून घ्यायची. आमच्या उमापूरला चिलीशी करार नकोय हो. जिथे आमची माणसं ऊस तोडतात, त्या गावाशी झाला तरी खूप आहे.

आणि बालविवाह रोखायची कायदेशीर जबाबदारी गावात कुणाची, ठाऊक आहे? ग्रामसेवकाची. (२००६ चा कायदा. मलाही प्रेझेंटेशनमुळेच कळलं, खोटं कशाला बोलू.) शिवाय १०९८ हा नंबर आहेच. त्या रात्री तो मी मोबाइलवर टाइप केला आणि पुसला. दोनदा. परक्याच्या घरावर फोन करणं सोपं आहे. ज्या काकांनी मला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडलं, त्यांच्यावर करायचा?

सकाळी मी काकांनाच नंबर दाखवला. म्हटलं, ‘काका, मला हा लावायला लावू नका.’ ते काही न बोलता शेताकडे गेले. बाबा माझ्यावर चिडले, दोन दिवस बोलले नाहीत. घरात भाऊबीज असून नसल्यासारखी झाली.

तिसऱ्या दिवशी आजी म्हणाली, ‘पोर माझ्यापाशी ऱ्हाईल. मी काय मेले का?’ आजीचे गुडघे गेलेत, दिसतं कमी. पण काका तिच्या शब्दाबाहेर नाहीत. पाहुण्यांना ‘दहावीनंतर बघू’ असा निरोप गेला. दहावीनंतर म्हणजे सोळा. मला ते ऐकू आलं होतं, पण त्या दिवशी मी पुढे ताणलं नाही. ताणायला हवं होतं का? अजून ठरत नाही.

ट्रक निघाला त्या पहाटे बहीण माझ्याशेजारी उभी होती. मी तिला आइसलंडचं सांगत होते, काहीतरी बोलायचं म्हणून.

‘ताई, तिकडच्या पोरी रात्री दहाला घरी येतेत?’

‘हो.’

‘आपल्याकडं दिवेलागणीलाच कडी लावतेत.’ आणि हसली.

प्रेझेंटेशन चांगलं झालं. बॉसला बाण आवडले. मी शेवटी एक जास्तीची स्लाइड घातली होती, गेवराई तालुक्याची, पंधरा ते अठरा वयाच्या मुलींना हंगामात राहायची जागा आणि देखरेख हवी म्हणून. ‘स्कोपच्या बाहेर आहे, पण मेल कर,’ असं उत्तर मिळालं. मेल केलाय. एक रिमाइंडरही गेलाय.

बहिणीचा परवा फोन होता. भूमितीची गाइड हवीय. तिच्यासारख्याच मागे राहिलेल्या दोघी संध्याकाळी आजीकडे अभ्यासाला येतात, आणि आजी उंबऱ्यात बसून त्यांना राखते. काका-काकी परत येतील ते कारखान्याचा पट्टा पडल्यावर. तोवर बोर्डाची परीक्षा होऊन गेलेली असेल. मी पाठवलेल्या पैशांत पोरींना शेंगदाणे आणू की बाहेरच्या खोलीला मोठा बल्ब, असं आजी विचारत होती. दोन्ही आण म्हटलंय.