पिंपाच्या बुडाचं काय?

राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाची मशिनं आली, गावातल्या बायाबापड्या भर उन्हात विरोधाला बसल्या, पोलीस आले. ते सगळं आपण टीव्हीवर पाहिलं. तेव्हापासून हॉस्टेलवर रिफायनरीचा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, 'कारखाना आला की पोरांना नोकऱ्या!' दुसरी म्हणते, 'कोकणाची राख होणार!' आवाज दोघांचाही मोठा. पण त्यांना कुणी विचारावं, की बाबांनो, तिथं येणारं तेल कुठलं, हलकं की जड? आणि पिंपाच्या बुडाशी जे उरतं, त्याचं काय करणार? मग मात्र सगळी मेस गप्प! आर्ट्‌सच्या पोरांना माहीत नसेल तर चालेल, पण आपण इंजिनिअर म्हणवतो.

माझं म्हणणं असं की रिफायनरीबद्दलचं मत बुडापासून बनवायला हवं. कंपनीचा नफा तिथं आहे आणि शेजारच्या गावाचा त्रासही बराचसा तिथूनच निघतो.

आमच्या शिराळा तालुक्यातल्या पोराला हे समजायला जाड पुस्तक लागत नाही. चिखलीचा विश्वास कारखाना त्यानं लहानपणापासून पाहिलेला असतो. उसाचा रस उघड्या काहिलीत आटवला की रंग लालसर होतो, जरा लक्ष हटलं की करपतो. म्हणून कारखान्यात व्हॅक्यूम पॅन असतो. दाब कमी केला की रस कमी तापमानाला उकळतो आणि साखर जळत नाही. साखरेचे दाणे काढून घेतले की खाली राहते ती मळी. काळी, चिकट, कुणाला नको असलेली. आणि आज त्याच मळीपासून इथेनॉल होऊन आपल्या गाडीच्या पेट्रोलमध्ये येतं.

कच्च्या तेलाचंही जवळजवळ हेच. साधारण ३५० अंशांपर्यंत तापवून पहिल्या टॉवरमध्ये गॅस, नाफ्था, रॉकेल, डिझेल वेगळं होतं. त्याच्या फार पुढे तापवलं तर तेल उकळायच्या आधीच फुटू लागतं आणि नळ्यांत कोक धरतो. म्हणून उरलेला माल निर्वात टॉवरमध्ये नेतात. तिथंही जे वर येत नाही तो रेसिड्यू. थंड झाल्यावर डांबरासारखा. ही झाली तेलाची मळी!

आता हलकं-जड कशावरून? एपीआय नावाचं एक माप आहे. १० अंश म्हणजे तेलाची घनता पाण्याइतकी. आकडा जितका मोठा तितकं तेल हलकं. साधारण २२ च्या खाली गेलं की जड. १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हायचं तेल हलकं आणि कमी गंधकाचं, म्हणजे घरंदाज गिऱ्हाईक. याउलट व्हेनेझुएलातल्या ओरिनोको पट्ट्यातलं तेल इतकं जड की त्याचा अर्ध्याहून जास्त भाग रेसिड्यूच असतो. आपला देश गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, त्यामुळे चॉइस आपल्या हातात फारसा नाही. जड आणि गंधकवालं तेल सहसा स्वस्त मिळतं. ज्याच्याकडे त्या बुडाचं डिझेल करायची यंत्रं आहेत, तो स्वस्तात घेऊन महागात विकतो. जामनगरच्या खाजगी रिफायनरीनं (पहिली १९९९, दुसरी २००८) हेच गणित जगाला करून दाखवलं.

हे बूड हलकं करायचे मार्ग मुळात दोनच. जड तेलाच्या रेणूत कार्बन जास्त आणि हायड्रोजन कमी. मग एक तर कार्बन काढा, नाहीतर हायड्रोजन घाला. बाकी सगळी नावं याच दोघांची पोरं.

कार्बन काढायचा ठळक मार्ग म्हणजे कोकर. रेसिड्यू ५०० अंशांच्या आसपास तापवून प्रचंड उंच ड्रममध्ये सोडतात. तिथं तो फुटतो, वाफा वर जातात, ड्रमात दगडासारखा कोक साठतो. ड्रम जोडीनं असतात. एक भरत असताना दुसरा थंड करून उघडायचा आणि पाण्याच्या जबरदस्त फवाऱ्यानं आतला कोक कापून काढायचा. अक्षरशः पाण्यानं दगड फोडायचा! मेकॅनिकलवाल्यांनी यावर खुशाल सेमिनार द्यावा. पण तेलातलं निकेल, व्हॅनेडियम आणि गंधकाचा मोठा वाटा त्या कोकमध्येच बसतो. हा पेटकोक स्वस्त जळण म्हणून सिमेंटच्या भट्ट्यांत जातो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली आणि शेजारच्या तीन राज्यांत पेटकोक आणि फर्नेस ऑइल जाळायला बंदी घातली, ती धुरामुळेच. म्हणजे रिफायनरीनं कार्बन काढला खरा, पण तो गेला कुठं? दुसऱ्याच्या चिमणीत.

हायड्रोजन घालायचा मार्ग जास्त स्वच्छ, डिझेलही चांगलं. पण तो हायड्रोजन बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूपासून करतात आणि त्यात कार्बन डायऑक्साइड निघतोच. शिवाय हवेच्या शंभर-दोनशे पट दाबाखाली तापलेला हायड्रोजन सांभाळणं म्हणजे खेळ नव्हे. ८ ऑगस्ट २०१८ ला माहुलच्या भारत पेट्रोलियमच्या रिफायनरीत हायड्रोक्रॅकर विभागात स्फोट झाला, ४० हून अधिक लोक जखमी झाले. चेंबूरमध्ये ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांना तो आवाज आठवत असेल.

गंधकाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. एप्रिल २०२० पासून पेट्रोल-डिझेलमध्ये दहा लाखांत १० भाग, एवढंच गंधक चालतं. मग काढलेलं गंधक जातं कुठं? आज जगातलं बरंचसं गंधक खाणीतून येतच नाही, ते तेल आणि वायू शुद्ध करतानाच मिळतं. तेच गंधक साखर कारखान्यात रस स्वच्छ करायला जळतं आणि तासगावच्या द्राक्षबागेत भुरीवर मारायला येतं. म्हणजे रिफायनरी आपल्यापासून लांब आहे असं समजायचं काही कारण नाही. पेठ नाक्यावरून शिराळ्याकडे वळणाऱ्या रस्त्यावरचं डांबरही त्याच बुडातलं.

असो. आता मूळ भांडणाकडे येऊ.

माहुलच्या दोन रिफायनऱ्या १९५४ आणि १९५५ मध्ये सुरू झाल्या. पुढे मुंबई वाढत वाढत त्यांना जाऊन भिडली आणि शहरातली तोडलेल्या झोपड्यांतली कुटुंबं तिथल्याच बिल्डिंगांमध्ये पाठवली गेली. त्या लोकांनी हवेसाठी किती वर्षं आंदोलनं आणि कोर्टकचेऱ्या केल्या! या दोन्ही रिफायनऱ्यांची मिळून क्षमता वर्षाला सुमारे २ कोटी १५ लाख टन. नाणारला ठरवली होती ६ कोटी टनांची. २०१८ मध्ये सौदी अरामकोशी करार झाला, २०१९ मध्ये तिथलं भूसंपादन रद्द झालं, मग बारसूचं नाव पुढे आलं. सौदी कंपनी भागीदार म्हटल्यावर तिचंच गंधकवालं तेल येणार, हा अंदाज बांधायला ज्योतिषी लागत नाही. पण या सगळ्या वर्षांत सभांमधून जागा, मोबदला आणि नोकऱ्यांचे आकडे जेवढे ऐकू आले, तेवढा कोक, गंधक आणि हायड्रोजनचा हिशेब ऐकू आला का? मला तरी नाही.

मी रिफायनरीच्या विरोधात नाही. बाइकला किक मारून 'रिफायनरी हटाव'च्या मोर्चाला जाणं मला जमत नाही. 'आता इलेक्ट्रिक गाड्या येणार, रिफायनरी कशाला?' हेही अर्धवट वाटतं. विमानं, रस्त्याचं डांबर आणि गिअरबॉक्समधलं वंगण अजून कुठून येणार? पण 'आधी जमीन द्या, कागद नंतर दाखवू' याला माझा ठाम विरोध आहे. आमच्या तालुक्यानं वारणेवर चांदोलीचं धरण दिलं. गावं उठली, त्या पाण्यावर खाली ऊस उभा राहिला आणि उठलेल्या माणसांच्या पुनर्वसनाची भांडणं कितीतरी वर्षं चालली. चांदोलीचं जंगल ओलांडलं की पलीकडे रत्नागिरी जिल्हाच लागतो. डोंगराच्या अलीकडच्यांनी जे भोगलं ते पलीकडच्यांनी आधीच ओळखलं, तर त्यांना विकासविरोधी म्हणायचं कशाला?

म्हणून जमिनीचा पहिला सातबारा हलायच्या आधी कंपनीनं मराठीत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावता येईल असा एक कागद द्यावा. कुठलं तेल, किती गंधकाचं, रेसिड्यू कोकरला जाणार की हायड्रोजनला, रोज किती कोक निघणार आणि कुठल्या रस्त्यानं जाणार, गोडं पाणी कुठल्या नदीचं. यातलं काहीही गुपित नाही. डिझाइन करणाऱ्याला हे आकडे ठरवल्याशिवाय एक पंपसुद्धा निवडता येत नाही!

आणि हो, आपल्या इंडस्ट्रियल व्हिजिटला दरवर्षी एसीवाली कंट्रोल रूम, नाश्ता आणि ग्रुप फोटो एवढंच होतं. सरांना विनंती, पुढच्या वेळी कोक कापतात ती जागा आणि गंधकाचा प्लँट दाखवायला सांगा. नाश्ता नसला तरी चालेल.