दामदुपट : दया नव्हे, न्याय
व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतील देणे-घेणे हा बरोबरीचा व्यवहार. तेथे दामदुपटीचे लोढणे कशाला, असे पुसणारे विद्वान आम्हांस वारंवार भेटतात. त्यांचे म्हणणे आम्हांस मुळीच मान्य नाही.

एका वेळी मागावयाचे थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, हा मनूचा दंडक. ऋणको वाणी की कुणबी, हे तो विचारीत नाही. तो दर ठरवीत नाही. वेळोवेळी फेडलेल्या व्याजास हात लावीत नाही. दावा दाखल होताच थांबतोही. मग आडवा येतो कोणाला? वसुली टाळून खाते फुगवीत बसणाऱ्या धनकोलाच!

१८५५ च्या कायद्याने व्याजावरील बंधने उठविली, तरी मुंबईच्या न्यायालयांनी हिंदू ऋणकोपुरती दामदुपट जिवंत ठेवली. बंगालात मात्र ती कलकत्ता शहरापुरतीच उरली. वेस ओलांडताच संरक्षण संपे. न्याय का वेशीवर थांबावयाचा असतो?

कराराचे पावित्र्य आम्हीही मानतो. पण मौन धरून वाढू दिलेले कर्ज तिपटीने मागणे हा करार नव्हे, सापळा होय. आणि ऋणको व्यापारी आहे म्हणून त्याचे दिवाळे काही धाकटे होत नाही.