शृंगाराला त्याची जागा परत द्यावी

'शृंगारिक' हे विशेषण आज लेखांत, प्रस्तावनांत आणि सभांमधून ज्या अर्थाने योजले जाते, तो अर्थ या शब्दाच्या मूळ प्रतिष्ठेला मुळीच शोभणारा नाही. एकीकडे शृंगार म्हणजे दागदागिने आणि नटणे-मुरडणे एवढेच उरले आहे. दुसरीकडे, ज्याचे खरे नाव घेण्याची भीड वाटते अशा चावट मजकुराला शृंगारिक म्हणून मोकळे होण्याचा रिवाज पडला आहे. या ओढाताणीत, ज्या अर्थाने आपले वाङ्मय शतकानुशतके पोसले गेले, तोच नेमका बेदखल झाला आहे.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगताना पहिला मान शृंगाराला दिला, रती हा त्याचा स्थायी भाव ठरवला, आणि जगात जे जे पवित्र, निर्मळ, तेजस्वी व पाहण्याजोगे असेल त्याला शृंगाराचीच उपमा साजते असा निर्वाळा दिला. संभोग आणि विप्रलंभ ही त्याची दोन अंगे, आणि त्यांतले विरहाचे अंग रसिकांच्या लेखी मिलनाइतकेच मोलाचे. शरीरसुखाचे वर्णन एवढीच शृंगाराची मर्यादा असती, तर जिथे दोन जीव शेकडो कोसांनी दुरावलेले आहेत त्या 'मेघदूता'ला या रसाचे लेणे कोणी मानले नसते. 11व्या शतकात धारच्या भोजराजाने तर 'शृंगारप्रकाश' हा 36 प्रकाशांचा ग्रंथ लिहून शृंगार हाच एक रस अशी भूमिका घेतली.

आपल्या भूमीपुरते बोलायचे, तर सातवाहन हालाच्या नावावर असलेल्या, महाराष्ट्री प्राकृतातील 'गाथासप्तशती'कडे वळावे. तिच्यातील एका गाथेत पाणपोईवर तहानलेला वाटसरू उभा आहे. तो ओंजळीची बोटे हळूच विरळ करतो, कारण पाणी गळून गेले म्हणजे पिणे लांबते आणि वर पाहायला तेवढीच सवड मिळते. आणि पाणी घालणारी तरुणी ते ओळखून धार आणखी बारीक करते. स्पर्श नाही, एक अक्षर उच्चारलेले नाही, तरी दोघांची संमती पूर्ण झालेली आहे. इंद्रियसुखाला एवढी सूक्ष्म नजर देणाऱ्या गाथेला अश्लील म्हणण्याचे धाडस कोण करील?

14व्या शतकाच्या प्रारंभी महानुभाव कवी भास्करभट्ट बोरीकरांनी शृंगाराने नटलेले 'शिशुपाळवध' हे काव्य रचले, तेव्हा त्यांच्याच गुरुबंधूने, ग्रंथ उत्तम उतरला आहे पण निवृत्तांच्या कामाचा नाही, असा अभिप्राय दिला, आणि त्यावर त्यांनी 'उद्धवगीता' लिहिली, अशी हकिकत परंपरेने सांगितली जाते. मला या हकिकतीतील विवेक फार मोलाचा वाटतो, कारण आक्षेप होता तो वाचकाच्या अधिकाराविषयी. काव्याला कोणी हीन लेखले नाही, आणि संन्यस्त पंथाने पुढे दोन्ही ग्रंथांना आपल्या साती ग्रंथांत मानाने बसवले.

शाहिरांची गोष्ट थोडी निराळी. रामजोशी, होनाजी बाळा, परशराम, प्रभाकर, सगनभाऊ यांच्या लावण्यांत विरहिणीची आर्जवे आहेत, रुसवे आहेत, घरधनी मोहिमेवर गेल्याची काळजी आहे. आणि कित्येक ठिकाणी नखशिखांत वर्णनाची नुसती यादी होऊन रस ओसरलेलाही आहे, हे मोकळेपणाने मान्य करावे. परंतु रस कोठे आहे आणि नुसती यादी कोठे, ही निवड वाचकाने करायची असते. बा. सी. मर्ढेकरांच्या कवितांवर अश्लीलतेची फिर्याद झाली आणि ते निर्दोष सुटले. तथापि न्यायालयाचा अधिकार गुन्हा घडला की नाही एवढ्यापुरताच, रस साधला की नाही याचा निवाडा देणारी कचेरी कोठेच नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, व्याकरणाच्या तासाला नवरसांची यादी पाठ करून घेताना शिक्षकांनी शृंगारापाशी आवाज खाली आणू नये, एखादे निरुपद्रवी उदाहरण फळ्यावर लिहून घाईने वीररसाकडे वळू नये. पाणपोईची ती गाथा वरच्या वर्गातील मुलामुलींना सरळ वाचून दाखवावी आणि वाटसरूने बोटे विरळ का केली, हे त्यांनाच विचारावे.